जबाबदारी कुनाची?

सायकल भाड्यानं देणारा माणूस गिऱ्हाइकाचं नाव लिहून घेतो. ही जगाची रीत. पण गुरप्पा रविवारी माझ्या दुकानात आला की स्वतःची वही उघडायचा, शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवायचा आणि म्हणायचा, "अंगठा दे."

"मी मालक हाय. तू सायकल नेतोस."

"ब्रेक तुटला, मी कुनाच्या म्हातारीवर गेलो, तर जबाबदारी कुनाची?"

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. सही येते आणि वळणदार येते. म्हणून मी सहीच करायचो. गुरप्पाला ती पटायची नाही. सही माणूस नाकारतो, अंगठा नाकारता येत नाही, हे त्याचं म्हणणं. पाच वर्षं त्यानं अंगठा मागितला आणि पाच वर्षं मी सही केली. माझ्या प्रत्येक सहीखाली तो बारीक अक्षरात लिहायचा, 'मालक हट्टी हाय.'

गुरप्पा सोलापुरातल्या एका गिरणीत फिटर. संध्याकाळी आणि सुट्टीला बंदुका दुरुस्त करायचा. माझ्या दुकानाला लागून त्याची खोली. दारावर परवाना काचेत लावलेला, लोक देवाचा फोटोही पुसत नसतील इतक्या भक्तीनं पुसलेला. शेतात रानडुकरं हाकायला लोकांकडं परवान्याच्या बंदुका असत. घोडा पडत नाही, चाप अडकतो, दस्ता चिरला, अशी कामं यायची. दुरुस्ती झाली की गावाबाहेर माळावर नेऊन पहिला बार तो स्वतः काढायचा. मालकाला पन्नास पावलं लांब उभं करायचा. का, तर फुटली तर आपल्या हातात फुटू दे.

मग एकदा फुटलीच, पण त्याच्या हातात नाही. मंद्रूपच्या भीमण्णाची बंदूक त्यानं दुरुस्त करून दिली, त्याला दोन वर्षं झाली होती. भीमण्णानं ती पावसाळ्यात काठीसारखी टेकवत बांध ओलांडला, नळीत चिखल गेला, आणि बार काढताना नळी फाटली. डाव्या अंगठ्याचं पेर गेलं. भीमण्णा स्वतः सांगत आला, "चूक माजी हाय, तुजी न्हाई." गुरप्पानं ऐकलं नाही. चार दिवस जेवला नाही. त्यानंतर दर रविवारी माझी सायकल घेऊन तो मंद्रूपला जायला लागला. आपण हात लावलेल्या बंदुका घरोघर जाऊन तपासायच्या, आणि वहीत नोंद करायची.

मला त्याची काळजी वाटली. उद्या कोणी कोर्टात खेचलं, तर हा माणूस खोली विकून देईल. म्हणून मी ओळखीच्या विमा एजंटाला घेऊन आलो. देसाई नाव, पोरगा हुशार. त्यानं गुरप्पाची वही चाळली आणि चष्मा वर केला.

"काका, हे काय? 'भीमण्णाची बंदूक ठीक. भीमण्णाच्या आईचा गुडघा ठीक न्हाई.' विम्याला गुडघ्याचं काय?"

"गुडघा दुखला की म्हातारी आधाराला काय धरील? कोपऱ्यातल्या खुंटीवरची बंदूक. जमिनीला टेकली की नळीत माती. पुढं मी सांगायला नगं."

"आणि 'थोरल्या सुनेचं माहेरी जाणं झालं'?"

"ती कोपरा झाडते. ती न्हाई तर झाडनार कोन?"

देसाई माझ्याकडं बघून हसला. मग त्यानं नीट समजावलं. अशा धंद्याला विमा मिळेल. दुरुस्तीत काही राहिलं आणि कोणाला इजा झाली, तर कंपनी भरपाई बघेल. फक्त एक अट. बंदूक तपासून गिऱ्हाइकाच्या हातात दिली, पावती घेतली, की आपली जबाबदारी संपली. त्यानंतर त्याच्या घरी जाऊन बंदुकीला हात लावायचा नाही. लावलात, तर कंपनी बांधील नाही.

"म्हंजे रविवारचं मंद्रूप बंद?" गुरप्पानं विचारलं.

"बंदच. उलट सुटलात की तुम्ही."

देसाईनं फॉर्म पुढं केला. "घरात कोण कोण?"

"मी."

"आणखी?"

गुरप्पानं खोलीभर नजर फिरवली. हातोडी, कानशी, तेलाची बाटली. फॉर्म घडी करून देसाईच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "होग्ली बिडु." कानडीत, जाऊ दे सोड. ते त्याचं शेवटचं वाक्य असायचं, त्यापुढं कोणाचं चालत नसे.

मी त्याला चार लोकांत मूर्ख म्हणालो. आयतं संरक्षण चालून आलं आणि लाथाडलं. महिनाभर आमचं बोलणं सायकलीपुरतंच होतं.

मग निवडणूक लागली. सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. मंद्रूपच्या एकाही घरात बंदूक राहिली नाही. मला मनातून बरं वाटलं, आता तरी हा घरी बसेल.

रविवारी सकाळी गुरप्पा पिशवी घेऊन दारात उभा.

"आज कशाला?" मी म्हणालो. "समद्या बंदुका ठाण्यात हाईत."

"ठावं हाय."

"मग तितं काय तपासनार?"

तो सायकलच्या घंटीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. म्हणाला, "खुंट्या बघून येतो. बंदूक नसली की खुंटी ढिली पडती. उद्या टांगली, आन खाली आली, तर..."

पाच वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य अर्धं राहिलं.

पिशवी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली होती. नेहमी तिच्यातून कानशीची मूठ वर डोकवायची. आज वर डोकवत होती वैद्याकडची बाटली, गुडघ्याला चोळायच्या तेलाची. खाली कागदात बांधलेल्या लाल बांगड्या. थोरली सून माहेरून आली असावी.

भीमण्णाची आई त्याला शेंगाचटणी आणि भाकरी बांधून देते, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी तो त्यातली अर्धी मला द्यायचा, आणि मी समजायचो की गिऱ्हाईक खूश आहे.

मी मागच्या चाकात हवा भरली. ब्रेक दोनदा दाबून बघितला. त्यानं सवयीनं वही उघडली आणि सहीसाठी पेन माझ्यापुढं धरलं. मी पेन बाजूला सारलं, पॅड ओढला आणि अंगठा उठवला.

गुरप्पानं अंगठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याखाली त्या दिवशी त्यानं काहीच लिहिलं नाही. शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घालत उभा राहिला.