शेवटच्या खेपेतली गाडी

गाडीच्या दाराचं हँडल तुटून हातात आलं, तेव्हा चष्मेवाल्याला फारसं आश्चर्य वाटलं नाही. या गाडीच्या बाबतीत त्याचं नशीब पहिल्यापासूनच फुटकं होतं. ही छोटी, स्वस्त गाडी बाजारात आली तेव्हा इतकी झुंबड उडाली की त्याचा नंबरच लागला नाही. मग मोठ्या गाड्यांची टूम निघाली आणि बायकोने ‘त्या डबीत’ बसायला नकार दिला. शेवटी पेट्रोल भडकलं, बायको विरघळली, त्याने गाडी घेतली आणि त्याच महिन्यात कंपनीने ते मॉडेल बंद केलं.

“हँडल मिळणार नाही,” मेकॅनिक म्हणाला.

“आधीच्या मॉडेलचं बसव की.”

“नवं रूप, नवं रूप म्हणून दर वेळी त्यांनी हँडलच तेवढं बदललंय. बाकी गाडी तीच.”

त्यातच त्या दाराचं आतलं लॉकही अडकलं. चष्मेवाला बायकोच्या दाराने आत सरपटू लागला. ओढून ओढून तेही दार गेलं. मागे दारं नव्हतीच, राहिली डिकी. सासरे आले त्या दिवशी मुलगी-जावई डिकीतून एकामागोमाग बाहेर पडले. आणखी कोणी निघतंय का, म्हणून सासऱ्यांनी डिकीत डोकावून पाहिलं. तेच जास्त लागलं.

एवढ्यात बातमी आली, ते मॉडेल परत येतंय. चष्मेवाला गाडी काढून तडक शोरूममध्ये गेला. समोर हत्तीएवढी गाडी उभी होती.

“ही ती नाही हो.”

“नाव तेच आहे ना,” विक्रेता म्हणाला. “लोकांचा नावावर विश्वास आहे. बाकी जुनं काही ठेवलेलं नाही.”

चष्मेवाला परत जायला वळला. तेवढ्यात विक्रेत्याला काचेतून बाहेर उभी असलेली त्याची जुनी गाडी दिसली. “अहो, नव्या गाडीच्या समारंभात मांडायला हीच तर शोधत होतो.”

“पण तिची दारं...”

ऐकतोय कोण? हँडलच्या जागी फुलं चिकटवून गाडी व्यासपीठावर चढली. कंपनीचे मोठे साहेब भाषणात गहिवरले. या गाडीनेच सामान्य माणसाला चाकांवर आणलं म्हणाले, आणि फोटोसाठी आत बसायला निघाले. फुलं त्यांच्या हातात आली.

चष्मेवाल्याने खालमानेने डिकी उघडली. “इकडून या, साहेब.”

आता माघार कशी घेणार? साहेब कोटासकट आत शिरले, फोटो निघाले, आणि घामाघूम होऊन ते पाय पुढे करत बाहेर आले.

“साहेब,” चष्मेवाल्याने हळूच विचारलं, “हँडलचं काही होईल का?”

साहेबांनी टाय सारखा केला.

“ते मॉडेल आता बंद झालंय,” ते म्हणाले.