सतरा मिनिटांचा विमा

माझी बायको कृष्णाबाई गेल्या शिमग्यात वारली. मागे मी, दोन कोंबड्या आणि तिचं मनगटी घड्याळ एवढे राहिलो. कोंबड्या महिनाभरात हरवल्या. त्यानंतर छत्री, चष्मा आणि उजव्या पायाची वहाण गेली. घरातल्या वस्तू जागेवर ठेवण्याचं काम पस्तीस वर्षं तिच्याकडे होतं आणि जाताना तिनं कुणाला चार्ज दिला नव्हता. शेजारच्या बाळाजीनं सल्ला दिला, की निदान घड्याळाचा तरी विमा उतरवून टाक. विमा उतरवला की वस्तू हरवत नाही, अशी माझी समजूत झाली. म्हणून एकोणीसशे एकोणसाठच्या वैशाखात मी घड्याळ रुमालात बांधून अलिबागला एका विमा कंपनीच्या कचेरीत गेलो.

घड्याळ जुनं होतं. पहिल्या लढाईत सासरे बसऱ्याला गेले होते. तिथून त्यांनी ते आणलं आणि लग्नात मुलीला दिलं. तिनं ते हातात कधी घातलं नाही, चुलीशेजारच्या खुंटीला टांगलं. मी मुंबईच्या गोदीत कामाला होतो. दर सोमवारी पहाटे रेवसची लाँच पकडायची असे, आणि ती मी चुकवायचो. म्हणून कृष्णाबाईनं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं. हे मला ठाऊक होतं. मी मनात दहा वजा करून निवांत चहा प्यायचो. पहिल्या महिन्यात तरीही दोनदा लाँच चुकली. त्यानंतर मात्र नोकरी सुटेपर्यंत एकदाही नाही. मी सुधारलो, असं मला वाटायचं.

कचेरीतले साहेब भले गृहस्थ होते. अडचण एवढीच होती, की घड्याळाचे फॉर्म मुंबईच्या मुख्य कचेरीतून अजून यायचे होते. आले होते ते बैलाच्या विम्याचे. साहेबांनी थोडा विचार केला. बैल चालतो, घड्याळही चालतं, तेव्हा हा फॉर्म चालेल, असा त्यांनी निर्णय दिला.

पहिला रकाना जातीचा होता. तबकडीवरची अक्षरं पुसून गेली होती, म्हणून साहेबांनी लिहिलं, जात बसराई. रंग तोंडाकडून पांढरा. शिंगं दोन, पैकी एक आखूड. तिसरं बारीक, सारखं फिरतं. दातांच्या रकान्यापाशी काम अडलं. दातांवरून वय ठरतं आणि वय ठरल्याशिवाय विमा नाही. बाजारातल्या रतन घड्याळजीला बोलावणं गेलं. त्यानं पाठीचं झाकण उघडून, डोळ्याला भिंग लावून सगळ्या चाकांचे दात मोजले. ते चारशे बारा भरले. बैलाला आठच येतात. साहेबांनी शेरा मारला, ‘वय फार.’

इतक्या वयाच्या जनावराला डॉक्टरचा दाखला लागतो. मी ढोरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे एक म्हैस, मग एक गाभण गाय, मग मी, असा नंबर होता. डॉक्टरांनी छातीची नळी घड्याळाला लावून ऐकलं, मग दुसऱ्यांदा ऐकलं.

“नाडी मिनिटाला तीनशे,” ते म्हणाले. “खातं काय?”

मी सांगितलं, काही खात नाही, सकाळी कान पिळला की दिवसभर चालतं. त्यांनी दाखला दिला. आहार नाही, नाडी जलद, कामाला उत्तम. असं जनावर उभ्या नोकरीत पाहिलं नाही, हे त्यांनी तोंडी सांगितलं.

मग ओळख पटवायची होती. जनावर याच घरचं, असं सांगणारा गावचा साक्षीदार हवा. मी शेजारच्या सखुबाईला घेऊन गेलो. साहेबांनी तिच्यापुढे तीन घड्याळं मांडली. तिनं लगेच आमच्या घड्याळावर बोट ठेवलं.

“ह्येच. किस्नाबाय सकाळी आधी ह्याचा कान पिळायची, मंग भावजींचा.”

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. शेवटचा रकाना होता, ‘वाईट खोड असल्यास.’ साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते रोज रेडिओच्या बातम्यांना लावलेलं असे.

“हे पुढे पळतं,” ते म्हणाले.

“दहा मिनिटं,” मी म्हणालो. “मला ठाऊक आहे.”

“सतरा.”

मी जवळ जाऊन मोजलं. सतराच होती. तिच्यामागे चावी द्यायला मी एक दिवस विसरलो नव्हतो, आणि काट्यांना तर हातही लावला नव्हता.

सखुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. “भावजी, तुमाला आज कळलं व्हय? तुमी मनात दहा वजा करता, ह्ये तिनं वळखलं. मंग गुपचूप सात वाढवली. आख्ख्या आळीला म्हाईत हाय.”

मी बाकावर बसलो. इतक्या वर्षांत मी सुधारलोच नव्हतो.

साहेब म्हणाले, खोड असलेलं जनावर कंपनी घेत नाही, आधी खोड काढून आणा.

“साहेब, ती खोड माझ्या बायकोनं लावलीय,” मी म्हणालो. “मला विमा तिचाच पाहिजे. बाकीचं घड्याळ हरवलं तरी चालेल.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फॉर्मवर लिहिलं, ‘विम्याची वस्तू : मिनिटे, नग सतरा.’ आता नियमाप्रमाणे मागच्या उजव्या मांडीवर डाग द्यायचा होता. मी हात जोडले, तेव्हा लाखेच्या मोहरेवर भागलं. मोहर नीट बसावी म्हणून घड्याळ आठ दिवस कंपनीच्या कपाटात राहणार होतं.

आठ दिवसांनी गेलो. विम्याचा कागद तयार होता, त्याला लाल फीत होती. घड्याळ चकाकत होतं. त्यात आणि भिंतीवरच्या घड्याळात बरोबर एकच वेळ होती.

साहेब खुशीत होते. “आमच्या नामा शिपायानं रोज चावी दिली, रेडिओला लावून दिलं,” ते म्हणाले. “आता मिनिटाचाही फरक नाही. याचे आम्ही काही घेत नाही.”

मी तिथेच बसून नुकसानीचा अर्ज लिहिला, की विमा उतरवलेली सतरा मिनिटं कंपनीच्या ताब्यात असताना गेली. साहेबांनी तो मुंबईला पाठवला. तिकडून विचारणा आली, की मिनिटे मेली, चोरीस गेली की दावे तोडून पळाली? मेली असल्यास पुरावा म्हणून कान कापून सोबत जोडावा. मी कळवलं, मालकीण मेली, मिनिटं गेली, कान शाबूत आहे. यावर मुंबईत सुनावणी लागली. सोमवारी सकाळी अकरा वाजता हजर न राहिल्यास दावा निकाली काढण्यात येईल.

रविवारी संध्याकाळी मी स्वतः काटे सतरा मिनिटं पुढे सारले आणि घड्याळ चुलीशेजारच्या खुंटीला टांगलं. पहाटे उठून पाहिलं. सतरा मिनिटं पुढे आहे, हे मला ठाऊक होतं. वजा केली आणि निवांत चहा प्यालो.

रेवसला पोचलो तेव्हा लाँच धक्का सोडून बांबूभर लांब गेली होती. तिकीटवाला माझा जुना ओळखीचा.

“धर्माजी,” त्यानं विचारलं, “आज घरात कोणी नव्हतं काय?”

दावा निकाली निघाला. कंपनीचं पत्र आलं, की दोष घड्याळात नसून मालकात दिसतो, मालकाचा विमा उतरवायचा असल्यास सोबत फॉर्म जोडला आहे. फॉर्म बैलाचाच होता. मी बराचसा भरला आहे. दात अकरा, शिंगं नाहीत, ओळख सखुबाई पटवील. खोडीच्या रकान्याला जागा कमी पडते आहे.

तुम्ही हसा. तुमच्याही घरात घड्याळ कोणीतरी पुढे लावलेलं असेल. किती मिनिटं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मलाही ठाऊक होतं.