घर पाह्यल्याबिगर मेंबर न्हाई

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर क्लबात शिरायचं असेल तर भाऊसाहेब आधी तुमचं घर बघायला येतो. परीक्षा नाही, मुलाखत नाही. रविवारी सकाळी नारळ घेऊन थेट दारात.

भाऊसाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. आमच्या नगर जिल्ह्यात हे असंच चालतं. पोर जन्मलं की भाऊसाहेब, आणि मग त्याचा शेंबूडसुद्धा मानानं पुसायचा. हा थर्ड इयरचा, पाथर्डीकडचा, काठीवर शर्ट वाळत घालावा तसा दिसणारा आणि क्लबचा अध्यक्ष. सरांना त्याच्यावर धड ओरडताही येत नाही. 'अहो भाऊसाहेब, गाढवासारखे काय उभे?' असं काहीतरी बोलून बसतात आणि स्वतःच हसतात.

मी फर्स्ट इयरला क्लबात जायचं ठरवलं तेव्हा सॉर्टिंगचे सगळे प्रकार घोकून लॅबमध्ये गेले होते. समोर भाऊसाहेब, शेंगदाणे खात.

"घर कुठं, ताई?"

"केडगावला."

"घरी कोन कोन असतं?"

"आई, बाबा आणि मी."

"रविवारी जेवायला काय असतं?"

मला वाटलं, यात काहीतरी लॉजिकचा डाव असणार. विचार करून म्हटलं, "तसं काही ठरलेलं नसतं."

"मंग ठरवा. येतो." आणि तो पुन्हा शेंगदाण्यांकडे वळला.

दिवस गणपतीच्या आधीचे. रविवारी बेल वाजली, आईने दार उघडलं. बाहेर चार पोरं, पुढच्याच्या हातात नारळ. बाबा आतूनच ओरडले, "आमची पावती फाडून झालीय हो!"

"आमी वर्गणीला न्हाई आलो, साहेब," भाऊसाहेब चपला काढत म्हणाला. "आमी कॉम्प्युटरवाले."

बाबा शाळामास्तर. त्यांनी आजवर पुष्कळ प्रकारची पोरं पाहिली, पण हा प्रकार त्यांना नवा होता. भाऊसाहेबाने नारळ देवापुढे ठेवला, पाणी मागून घेतलं आणि कामाला लागला. "ताई अभ्यासाला कुठं बसती?"

बाबांनी अभिमानाने माझं टेबल दाखवलं. त्यावर इस्त्रीचे कपडे, मिक्सरचं भांडं आणि आईच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. मी अभ्यास पलंगावरच करायचे, हे घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं.

"लोनच्याला कपाट द्या, काकू. टेबल पोरीला द्या."

आईचा चेहरा लोणच्याहून आंबट झाला. आमच्या घरात आईच्या बरण्यांना हात लावायची आजीचीसुद्धा हिंमत झाली नव्हती. पण भाऊसाहेबाने त्या स्वतः उचलून ओट्यावर नेल्या, टेबल पुसलं, खुर्चीत बसून पाहिलं, खिडकीकडे मान वळवली आणि निकाल दिला, "उजेड चांगला हाय. मेंबर पक्का."

मग जेवायला बसला. पोळ्या किती झाल्या हे मोजायचं आईने मध्येच सोडून दिलं. जाताना तो बाबांना म्हणाला, "क्लबामुळं उशीर व्हईल कधीमधी. बसमधी आमी बसवून देऊ. तुमी फक्त सारखा सारखा फोन करू नका." माझ्या जन्मात बाबांना असं तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांनी ते ऐकलं. आणि आई, जिचा सकाळी नुसता संताप झाला होता, ती दुपारी म्हणाली, "त्याला परत बोलाव गं. चवीनं खातो."

'घर पाह्यल्याबिगर मेंबर न्हाई' हा त्याचा एकमेव नियम. का, असं विचारलं की म्हणायचा, "मानसाची बसायची जागा बघावी. मंग मानूस कळतो." बाकी कॉम्प्युटरचं सगळं शास्त्र त्याने शेतात नेऊन ठेवलं होतं. दोघांनी एकच फाइल बदलली आणि कोड अडकला, की लॅबच्या दारातून त्याची आरोळी यायची, "कोनी कुनाचा बांध कोरला रे?" मग दोघांना समोरासमोर बसवून तो तलाठ्याच्या थाटात मोजणी करायचा. ही ओळ तुझी, ही त्याची, ही दोघांची सामाईक. भांडण मिटायचं. सर शिकवायचे तेव्हा न कळलेलं आम्हाला तेव्हा कळायचं, हे मी सरांना अर्थातच सांगितलेलं नाही.

दिवाळीत होस्टेल रिकामं झालं, पण भाऊसाहेब हलला नाही. त्याने दिवाळी जिल्हाभर वाटून घेतली. पाडव्याला कोल्हारच्या एका मेंबराकडे फराळ, भाऊबीजेला नेवाशाला, नंतर आमच्याकडे. आईने त्याच्यासाठी चिवड्याचा वेगळा डबा भरून ठेवला होता. आम्ही त्याला तोंडावर 'फिरता अध्यक्ष' आणि पाठीमागे 'फुकट्या' म्हणायचो. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचा राग नव्हता.

जानेवारीत त्याने सभा घेतली. शेवटचं वर्ष, परीक्षा जवळ, आता नवा अध्यक्ष नेमायचा. मी हात वर केला. मला असले हात वर करायला फार आवडतं.

"हरकत आहे. भाऊसाहेब, तुमचं स्वतःचं घर कुणी बघितलंय?"

लॅबमध्ये जल्लोष झाला. कुणीच बघितलं नव्हतं! म्हणजे आमचा अध्यक्ष तीन वर्षं क्लबचा साधा मेंबरसुद्धा नव्हता. पोरांनी बाकं बडवली.

भाऊसाहेब हसला नाही. "घराला कुलूप हाय," म्हणाला.

"उघडतं कधी?"

"कारखाना बंद झाल्यावर." आणि मग हजेरी द्यावी तसं सांगून टाकलं. आई आणि दादा, म्हणजे वडील, ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर घराला कुलूप लागतं, ते गुढीपाडव्याच्या आसपास निघतं. सध्या ते कोल्हारच्या पुढच्या मळ्यात आहेत.

बाकं बडवणारे हात थांबले. याच माणसाने दिवाळीत कोल्हारला बसून चकल्या खाल्ल्या होत्या.

"मग दिवाळीत गेला का नाहीत त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"आयीची बंदी हाय. बारावीला दोन दिवसासाठी गेल्तो, तर कोयता हातात घेतला आन् तिथंच राह्यलो. परीक्षा बुडाली. तवापास्नं तिनं सांगितलंय, उसाच्या फडावर पाय ठिवायचा न्हाई. फोन कर, पन यायचं न्हाई."

मला खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "ते आहेत तिथे जाऊ. नियम म्हणजे नियम."

भाऊसाहेबाने शेंगदाण्याची पुडी मिटली. "व्हय," तो हळूच म्हणाला. "क्लबचा नियमच असंल तर काय इलाज न्हाई."

रविवारी तो एसटी स्टँडवर आमच्या आधी हजर होता. इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ. प्रत्येकाच्या घरी बडबड करणारा हा माणूस कोल्हार येईपर्यंत फक्त नारळाची शेंडी उपटत बसला होता. उतरलो तेव्हा नारळ पार बोडका झाला होता.

मळ्याच्या कडेला कोप्यांची रांग होती. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची आणि बांबूच्या ताट्यांची झोपडी, आत वाकून जावं लागतं. उसाची गाडी भरून आई-दादा नुकतेच परतले होते. आईने त्याला पाहिलं, धावत दोन पावलं आली आणि मग एकदम आठवल्यासारखी कडाडली, "तुला काय सांगितलं हुतं?"

"आये, मी न्हाई आलो," भाऊसाहेब नारळ पुढे धरून म्हणाला. "क्लब आलाय."

ती आमच्याकडे बघत राहिली. मी पुढे झाले. "काकू, आमचा नियम आहे. घर बघितल्याशिवाय कुणाला मेंबर करत नाही."

"आँ? म्हंजे आजून मेंबर न्हाई व्हय ह्यो? मंग तीन वरीस काय करतो तिथं?"

दादा पहिले हसले, मग सगळेच. मी त्याच्याच थाटात मांडी घालून बसले. घरी कोण कोण असतं? "आमी दोगं आन् बैल." रविवारी जेवायला काय असतं? "रोजचंच. भाकरी, ठेचा, कधी वांगं." आणि मग सवयीने तिसरा प्रश्न तोंडातून निघून गेला. "भाऊसाहेब अभ्यासाला कुठं बसतो?"

मी जीभ चावली. त्या कोपीत दोन माणसं पाय पसरून झोपतील का, याचीच शंका होती.

आई मात्र उठली. "या की दावते."

आत डाव्या हाताला पिठाचा डबा, भांडी, कपड्यांचं बोचकं, अंथरूण, सगळं एकावर एक चेपून ठेवलं होतं. उजवा कोपरा रिकामा. तिथे सारवलेल्या जमिनीवर घडी घातलेली गोधडी, पुढे दोन विटांवर फळी आणि वर बांबूला लटकवलेला चार्जिंगचा दिवा.

"ही त्याची जागा. दर साली कोपी बांधली की मी पैली ही धरती. ह्याचं दादा म्हनत्यात, जरा पाय तरी लांब करू दे. मी न्हाई करू देत."

"पण काकू, तुम्हीच त्याला येऊ देत नाही ना?"

"यायचं न्हाईच त्यानं." तिने पदराने फळी पुसली. तशी ती स्वच्छच होती. "म्हनून काय जागा ठिवू न्हाई?"

भाऊसाहेब वाकून आत आला. गोधडीवर बसला, गुडघे छातीशी घेऊन, तरी डोकं दिव्याला लागलं. फळीवर त्याने हात ठेवले. प्रत्येकाच्या घरी टेबलावर ठेवायचा तसेच.

"मंग?" आईने दारातून विचारलं. "झाला का मेंबर?"

"आये, उजेड..." तो म्हणाला आणि मान खाली घालून फळीवर बोटं फिरवत राहिला.

कुणीतरी निकाल देणं गरजेचं होतं.

"उजेड चांगला आहे, काकू," मी म्हटलं. "मेंबर पक्का."

"मंग बसा समदी," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. "भाकरी टाकते."