सदोबाचा सत्कार

मुलांनो, एका जंगलातून मोठा रस्ता गेला. रस्ता आला म्हणून सिग्नलही आला. पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, हे ठरवायचं काम सशाकडे होतं. त्याने स्वतः पलीकडे पळून पाहिलं आणि चार सेकंद असं लिहून टाकलं.

त्याच जंगलात सदोबा कासव राहायचा. नियम म्हणजे नियम, असा त्याचा बाणा. त्या दिवशी पलीकडच्या तळ्याकाठी त्याच्या भाचीचं, चिंगीचं लग्न होतं. मामाशिवाय नवरी मांडवात येणार कशी? सदोबा फेटा बांधून पहाटेच निघाला.

हिरवा दिवा लागला. सदोबा दोन पावलं गेला. दिवा लाल झाला. बिचारा मुकाट्याने मागे फिरला. असं अकरा वेळा झालं.

बाकीचं वऱ्हाड मजेत जात होतं. शेळी हात दाखवून गेली. माकड फोनवर बोलत गेलं. म्हशीने तर हातही दाखवला नाही, ट्रकच थांबला.

"सदूभावजी, चला की माझ्या आडोशाने!" म्हैस म्हणाली.

"दिवा लाल आहे, वहिनी."

असं म्हणाला खरा, पण जीव तुटत होता त्याचा. पलीकडे सनई सुरू झाली होती.

इतक्यात वाहतूक खात्याचे अस्वलसाहेब आले. रस्ता सुरक्षा सप्ताहाचा तो शेवटचा दिवस, आणि सत्कारासाठी नियम पाळणारा एकही पादचारी सापडत नव्हता. त्यांनी सदोबाला फुटपाथवरच गाठलं. शाल दिली, नारळ दिला, भाषण सुरू केलं.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" पलीकडून गुरुजी ओरडले.

सदोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं, सत्कारानेच गडी गहिवरला. त्यांनी भाषण आणखी लांबवलं.

शेवटी मुंडावळ्या बांधलेली चिंगीच रस्त्यात उतरली. तिने एक हात वर केला. ट्रक थांबले, बस थांबली. ती सावकाश अलीकडे आली.

"मामा, चला."

"अगं, दिवा..."

"लग्न माझं आहे, दिव्याचं नाही!"

मामाने भाचीला न्यायचं, तर भाचीच मामाला घेऊन निघाली. सदोबा डोळे मिटून चालला. साहेबांचा शिपाई लाल दिव्यातच धावत आला आणि भर रस्त्यात शाल काढून घेऊन गेला. नारळ मात्र सदोबाने सोडला नाही. तो चिंगीच्या ओटीत पडला.

तात्पर्य: मुलांनो, वाहतुकीचे नियम जरूर पाळा. फक्त पलीकडे काही काम असू नये.