मावशींचा मंजूर वेग

जीव वाचवणे हे नियोजनाचे काम आहे आणि नियोजनात माणसांची फार अडचण होते. म्हणून आमच्या सहा मजली कार्यालयाने आग लागल्यास बाहेर पडण्याची तालीम संगणकावर घेतली. (खऱ्या माणसांची तालीम एकदा घेतली होती. निम्मे चहाला गेले ते परतलेच नाहीत.)

पडद्यावर आम्ही चारशे तेरा जण हिरवे ठिपके झालो. ठिपके शिस्तीचे निघाले. दोन्ही जिन्यांनी, धक्काबुक्की न करता, चारशे बारा ठिपके साडेतीन मिनिटांत बाहेर. (मागच्या जिन्यात जुन्या फायलींची सतरा कपाटे आहेत, पण नकाशात ती नाहीत.) चारशे तेराव्याने मात्र नऊ मिनिटे लावून अहवालावर पाणी फिरवले. त्या आवक-जावकच्या मावशी. चौथा मजला, दोन्ही गुडघे गेलेले.

मर्यादा पाच मिनिटांची. मावशींना तळमजल्यावर टेबल द्यावे, तर तिथे पाहुण्यांचा सोफा. सोबतीला दोघे द्यावेत, तर आणखी दोन ठिपके मंदावत. अखेर आमच्या तालीम समितीने एकमताने मावशींचा वेग दुप्पट केला आणि तसे त्यांना लेखी कळवले.

"एक प्रत गुडघ्यांनाही पाठवा," मावशी म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर खरोखरच धूर झाला. आम्ही एकमेकांना ढकलत पुढच्या जिन्याने खाली आलो. अग्निशमन दलाच्या जवानाने विचारले, "आत कोणी राहिलंय का?"

समितीप्रमुखांनी घड्याळ पाहिले. सहा मिनिटे झाली होती. "कसं राहील? पाच मिनिटांत सगळे बाहेर पडतात."

मावशी मला कुठेच दिसत नव्हत्या. पण अहवालावर माझीही सही होती. मी गप्प बसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

चौदाव्या मिनिटाला मावशी आल्या, एकेक पायरी बसत बसत, खोकत. नकाशा मानून त्या आधी मागच्या जिन्याकडे गेल्या होत्या.

"कपाटं कोणाची आहेत?" एवढेच त्यांनी विचारले. कपाटे कोणाचीच नव्हती. मावशींकडून विलंबाबद्दल लेखी खुलासा मागवला आहे.

हसू आले असेल तर जरा दार उघडून आपला जिना पाहून या. चपलांचा स्टँड, दोन दिवसांपुरती ठेवलेली मोडकी सायकल, कुंड्या. मग घरात सगळ्यात हळू कोण चालते ते आठवा, आणि त्यांचा वेग किती मंजूर केलात तेही त्यांना एकदा सांगून टाका.