सुहासचं तिसरं लग्न

२००३ साली मुरबाडला मुलगी बघायला निघालो तेव्हा मला होकाराची शंभर टक्के खात्री होती. वाशिंदची बाकी पोरं कारखान्यात होती. माझं नाव रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर झळकत होतं. पटकथालेखक! धोंडीमामाला मी बजावून ठेवलं, "तू फक्त मालिकेचं नाव घे. पुढचं आपोआप होईल."

मुलगी संघरत्ना, सरकारी दवाखान्यात नर्स. मला बघताक्षणी आवडली. पोहे आले आणि मामाने मालिकेचं नाव घेतलं. तिच्या आईचा, गीताबाईंचा, हात बशीवरच थांबला.

"म्हंजे त्या सुहासचं तुमी लिवता?"

"हो," मी नम्रपणे म्हणालो.

"तिसरं लगीन तुमीच लावलंत त्याचं?"

"म्हणजे, चॅनेलचं म्हणणं होतं..."

"पहिली गरोदर, दुसरी कोमात, आणि हा तिसरीला घेऊन महाबळेश्वरला. तुमाला मी पोरगी द्यायची?"

"ताई, ते सगळं खोटं असतं," मामा मध्ये पडला.

"खोटं रोज कसं सुचतं मग?"

मामाने पोह्यांची बशी खाली ठेवली. आम्ही उठलो. दारापाशी संघरत्ना हळूच म्हणाली, "आई मनाची वाईट नाय. तुमी त्या सुहासला जरा सुधारा ना."

मी कामाला लागलो. दुसरी बायको कोमातून उठली आणि तिला आठवलं की आपलं आधीच एक लग्न झालेलं आहे. तिसरी परदेशी शिकायला गेली. सुहास पहिलीकडे परतला. मग संघरत्नाचे बूथवरून फोन सुरू झाले. "त्याला भांडी घासू द्या." घासली. "बायको ड्युटीवरून आली की चहा करू द्या." पहिलीला मी नोकरीच लावली आणि सुहास चहा करू लागला. निर्मात्यांनी विचारलं, "इंद्रजीत, तब्येत बरी आहे ना?"

भांडी घासणारा नवरा कुणाला बघायचा होता? मालिका बंद पडली. त्याच आठवड्यात मुरबाडहून होकार आला.

फसवायला नको म्हणून मी मामाला घेऊन पुन्हा गेलो. गीताबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. जाहिराती लागल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"मालिका बंद झाली," मी म्हणालो. "आता हातात काम नाही."

"बंद झाली? कधी?"

"तुम्ही बघत नव्हता?"

"सुहास सुधारला तशी मी सोडली. काय घडतच नवतं त्याच्यात. ह्या चॅनेलवरची बाई बघा, नवऱ्याला विष घालते."

"मग तुम्ही होकार कशावर दिलात?"

"संघरत्ना म्हणाली, माणूस सांगेल ते ऐकतो. काम काय, मिळेल दुसरं."

मी काहीतरी बाणेदार बोलणार होतो. तेवढ्यात जाहिराती संपल्या आणि सासूबाईंनी मला हातानेच गप्प बसवलं.