देवीचा ईमेल पत्ता

साडीचे काठ रेखाटायचं अदितीचं सॉफ्टवेअर सात महिने लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या अधिकृत सॉफ्टवेअर-भांडाराच्या दारात ताटकळत होतं. ते आत शिरलं, तरच शहापूरच्या विणकाम प्रशिक्षण केंद्रातल्या संगणकांवर बसणार होतं. भांडाराबाहेरचं काही बसवायला तिथं बंदी होती. आणि ते बसलं, तरच नव्या सत्रात, एक तारखेपासून, शिकवायची नोकरी अदितीला मिळणार होती.

अखेर भांडाराच्या परीक्षकाचं उत्तर आलं. 'सोबत नमुन्याचे बारा काठ आहेत. ते कुणाचे? मालकाची परवानगी जोडा.'

काठ शहापूरच्या जुन्या विणकर अक्काताईंच्या मागावरचे होते. टिळकवाडीहून अदिती तडक शहापुरात पोहोचली.

"अकरा माझं हैत, लिव्ह," धोटा न थांबवता अक्काताई म्हणाल्या. "बारावा न्हाय. त्यो माझ्या सासूला देवीनं सपनात दावला."

"मग सासूबाईंचं नाव लिहू?"

"लिव्ह की! मग म्हातारी माझ्या सपनात यील आन् खरडपट्टी काढंल. देवीचा म्हंजी देवीचाच गं."

दुसऱ्या कुणी तो काठ गुपचूप उडवला असता. पण अदिती भौतिकशास्त्राची एम.एस्सी.; नोंद खरी हवी, हा तिचा जुना आजार. तिनं रकान्यात लिहिलं : 'मालक : देवी. माध्यम : स्वप्न.'

तीन आठवड्यांनी विचारणा आली : 'मालकांचा ईमेल पत्ता कळवा.'

"त्यात काय रडतीस?" अक्काताई म्हणाल्या. "कौल लावू या."

देवळात गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या. पाऊण तासानं उजवी पडली.

"बघ, दिली परवानगी! धाड फोटो."

'परवानगी मान्य,' परीक्षकानं कळवलं. 'फोटो कुणी काढला? त्यांची परवानगी?' फोटो गुरवानं काढला होता. त्यानं आनंदानं लिहून दिलं, कन्नडमध्ये. मग भाषांतर आलं. मग भाषांतर करणाऱ्याची परवानगी आली.

सत्राच्या आधीची अठ्ठावीस तारीख उजाडली. अदितीनं शेवटचं म्हणून लिहिलं : 'ही वाट जरा सोपी करा. सगळे प्रश्न एकदम विचारा. परीक्षक वाढवा.'

या वेळी तासाभरात उत्तर आलं. 'सूचना पटली. इतक्या काटेकोर नोंदी मी बावीस वर्षांत पाहिल्या नाहीत. आजपासून या विभागाच्या परीक्षक तुम्हीच. मी मोकळा झालो. शुभेच्छा!'

अदितीनं उडीच मारली. तपासायच्या अर्जांची यादी उघडली. सगळ्यात वर तिचंच सॉफ्टवेअर होतं. खाली नियम होता : परीक्षकाला स्वतःचं सॉफ्टवेअर मंजूर करता येणार नाही.

"तितं दुसरं कोन न्हाय व्हय?" अक्काताईंनी फोनवर विचारलं.

"नाही. मी एकटीच."

"मग हिकडं ये, धोट्यातल्या सुताच्या कांड्या भर. हात तरी चालू ऱ्हातील."

फोन ठेवून तिनं सवयीनं स्वतःचाच अर्ज पहिल्यापासून वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर ती थबकली. अकरा काठांखाली अक्काताईंचा अंगठा होता, तारीख नव्हती.

मंजुरीचं बटण बंद होतं. नामंजुरीचं मात्र चालू होतं, आणि नोंद तर अपुरी होती.

अदितीनं डोळे पुसले आणि नियमाप्रमाणे ते दाबलं.